न आलेल्या मशीनची जागा

अहेरीच्या बाजारात टोपली रिकामी झाली की रुखमाबाई दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत यायची. तिथलं काम पाहणारी प्रेमिला तिला न विचारता स्टूल द्यायची आणि तिच्या लेकीचा, करिश्माचा, फोटो उघडायची. नोंदणीच्या वेळी काढलेला, तापानं सुजलेल्या डोळ्यांचा. पोर चार वर्षांपूर्वी, २००२ साली, या दवाखान्यातच दगावली. दुसरा फोटो कुठून असणार!

अशात सर्व्हरवर फोटोंची जागा भरली. व्यवस्थापक सुरेंद्रभाऊंनी फर्मान काढलं, तीन वर्षांत न आलेल्यांचे फोटो उडव. प्रेमिलानं शहाणपणा करून करिश्माचा फोटो छापला नि रुखमाबाईच्या हातात दिला. बाईनं तो बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"बाकीच्या पोराईचे? त्याईच्या माया आल्या तं काय पाहतीन?"

घ्या! आता द्या उत्तर.

जागा नव्हती असं थोडंच होतं? अर्धा सर्व्हर रिकामा होता, पुढे येणाऱ्या स्कॅनच्या मशीनच्या चित्रांसाठी राखलेला. भाऊ तीन वर्षं अर्ज करत होते, मशीनचा पत्ता नव्हता. तरी त्या जागेला ते कुणाला बोट लावू देत नसत. ती सोडली म्हणजे मशीन येणार नाही हे कबूल केल्यासारखं, एवढीच त्यांची भीती.

प्रेमिला भाऊंकडे गेली. सर्व्हरच्या दोन्ही डिस्कची जागा एकत्र करूनच वाटलेली आहे, मधे काही विटांची भिंत नाही, एक भाग काढून दुसरा वाढवता येतो, हे तिनं पुन्हा समजावलं.

"भाऊ, मशीन आली की नवी डिस्क जोडून जागा परत देईन. पण फोटो गेले तं कुठून आणू?"

भाऊंनी दाराबाहेर बसलेल्या रुखमाबाईकडे पाहिलं. अर्जांची फाइल कपाटात ठेवली.

"कर. पण रिकामी हाय का नाई, दोनदा पाह्य."

तिनं तीनदा पाहिलं. मग मशीनचा भाग काढला, मोकळी झालेली जागा फोटोंना जोडली. सर्व्हर बंदही करावा लागला नाही. सगळे फोटो जागेवर दिसले तेव्हा तिला रडूच आलं.

पुढच्या बाजाराला रुखमाबाईसोबत दूरच्या गावच्या दोघी आल्या. गावोगाव सांगत फिरली होती ही बया. एकीनं लाजत गेलेल्या पोराचं नाव सांगितलं, लालसू. त्याचा फोटो आहे हेच तिला कधी माहीत नव्हतं.

पडद्यावर लालसू आला. आई अगदी जवळ सरकली आणि हळूच गोंडीत त्याला विचारलं, जेवलास का.