पाच किलोचा सिलिंडर

दुकानदाराने काउंटरवरची माशांच्या खाण्याची डबडी कोपराने बाजूला सारली आणि एकेक वस्तू मांडायला घेतली. आधी प्लॅस्टिकची बाटली, झाकणातून बारीक नळी निघालेली. मग थर्मासएवढा स्टीलचा डबा. मग बोटभर लांबीच्या तीन चकचकीत नळकांड्या. शेवटी खाली वाकून, दम घेत, त्याने एक काळा सिलिंडर उचलून ठेवला तेव्हा काउंटरची काच करकरली.

“हे चार प्रकार,” तो म्हणाला. “चारही एकच काम करतात. पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड गॅस देतात. आता तुम्ही सांगा कुठला देऊ.”

बेबीला नेमकं हेच नको होतं. ती विचारायला आली होती, सांगायला नव्हे.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला बेबी म्हणणं तसं विचित्रच. पण भावंडांत धाकटी म्हणून पडलेलं नाव जे चिकटलं ते चिकटलं. ती कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे दात नुसता उजेडाकडे धरून ती त्याची छटा सांगायची, सोळा छटांपैकी नेमकी कुठली ते. इथे चारांतून एक प्रकार निवडता येत नव्हता.

“सध्या काय वापरता?” दुकानदाराने विचारलं.

“साखर आणि यीस्ट. बाटलीत घालून.”

“मग? चालत नाही?”

“चालतं. कधी धो धो चालतं, कधी ढिम्म हलत नाही. पानांवर शेवाळ आलंय. आणि वास येतो.”

वासाचं प्रकरण फार झालं होतं. शेजारच्या बाईंनी वहिनीला जिन्यात गाठून, आवाज खाली करून विचारलं होतं, “तुमच्याकडे घरी दारू गाळतात का हो?” वहिनीने ते घरात येऊन हसत हसत सांगितलं. दादा हसला, बेबीही हसली. पण वहिनीच्या त्या हसण्यात हसू किती आणि तक्रार किती, हे तिला कळलं नाही. गेल्या आठ महिन्यांत तिला वहिनीचं काहीच धड कळत नव्हतं.

“हे बघा,” दुकानदार बोटांवर मोजत सांगू लागला. “डब्यात खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व घालायचं, महिनाभर बघायला नको. नळकांडी पंधरा दिवसांत संपते, फेकून द्यायची. आणि मोठा सिलिंडर, पाच किलोचा, एकदा बसवला की दीड-दोन वर्षं. फक्त तो सारखा इकडून तिकडे न्यायचा नाही. टाकी एकाच जागी राहणार आहे ना?”

बेबीने सिलिंडरच्या मानेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे, भावाचं घर आहे.”

“मग झालं तर!”

काय झालं, हे तिला विचारावंसं वाटलं. त्याऐवजी ती “विचार करून सांगते” म्हणाली आणि बाहेर पडली.

आठ महिन्यांपूर्वी ती नवऱ्याच्या घरातून निघाली, तेव्हा दादाला फोनवर “चार दिवस येते” म्हणाली होती. भांडण झालं नव्हतं. नवरा वाईट नव्हता. बावीस वर्षांनी एका दुपारी तिच्या लक्षात आलं की आठवडाभर ती फक्त टाकीशी बोलली आहे. आणि त्याच्या ते लक्षातसुद्धा आलेलं नाही. चार दिवसांसाठी कुणी तीन फुटांची काचेची टाकी बरोबर आणत नाही, हे दादाला आणि वहिनीला दिसत नव्हतं असं नाही. पण दोघं काही बोलले नाहीत. वहिनीने आपलं शिवणाचं मशीन मधल्या खोलीतून बाल्कनीत हलवलं आणि मधली खोली बेबीची झाली. वहिनी पडदे शिवायची. बाल्कनीत ऊन आलं की ती डोक्यावर एखादा अर्धवट शिवलेला पडदा घेऊन शिवत बसायची, आणि बेबीला ते बघवायचं नाही.

संध्याकाळी चहा पिताना तिने चार प्रकार सांगितले. दादा वजनकाटे दुरुस्त करायचा; बशी टेबलावर ठेवतानाही सपाट आहे का ते बघून ठेवायचा.

“तुझी टाकी आहे, तुला हवा तो घे,” तो म्हणाला. “आमचं काय?”

हे मोकळेपणाने म्हटलं होतं, की झटकून टाकलं होतं? बेबीने त्याच्याकडे बघितलं, पण तो बिस्किट चहात बुडवण्यात गुंतला होता.

“मोठा किती दिवस चालतो म्हणालीस?” वहिनीने विचारलं.

“दीड-दोन वर्षं.”

“दोन वर्षं,” वहिनी म्हणाली. तिने कप खाली ठेवला.

“मी नळकांड्याच घेते,” बेबी घाईघाईने म्हणाली. “पंधरा-पंधरा दिवसांच्या. उगीच एवढा मोठा धोंडा घरात कशाला?”

वहिनी उठली. बाल्कनीत जाऊन तिने मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी बेबी लॅबमधून जरा लवकर आली, तर वहिनी मधल्या खोलीत जमिनीवर आडवी पडलेली. टाकीच्या स्टँडखाली डोकं, हातात टेप.

“वहिनी?”

“काही नाही गं.” वहिनी उठली, केसांतली धूळ झटकली. “बघत होते, खाली काय काय मावतं ते.”

एवढंच बोलून टेप गुंडाळत ती निघून गेली. बेबी स्टँडपाशी उभी राहिली. मशीन परत आत आणायचं असेल. त्यात वावगं काय होतं? खोली वहिनीचीच होती. त्या रात्री तिला फारशी झोप लागली नाही, आणि सकाळी लॅबमधल्या फळ्यावर भाड्याच्या खोलीची जी चिठ्ठी लावलेली होती तिच्यावरचा नंबर तिने फिरवला.

“पाळीव प्राणी चालणार नाहीत,” पलीकडचा मालक म्हणाला.

“मासे आहेत फक्त.”

“किती?”

“एकतीस.”

“एकतीस म्हणजे जास्तच होतात,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ही गोष्ट वहिनीला सांगितली असती तर ती पोट धरून हसली असती. पण मग खोली का शोधत होतीस, हेही सांगावं लागलं असतं.

रविवारी सकाळी बेबी पानांवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढत होती, तेव्हा वहिनी पर्स खांद्याला लावून दारात आली.

“चप्पल घाल. सिलिंडर आणायला जाऊ.”

“कुठला?”

“मोठा. दुसरा कुठला? स्टँडखाली उभा बसतो, मोजलंय मी.”

बेबी ओल्या हाताने तशीच बघत राहिली. मग ब्रश बादलीत टाकून ती निघाली. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटत होतं, की दोनदा ती वहिनीच्या पुढे गेली आणि दोनदा थांबली.

दुकानदाराने नळी आणि मीटर बसवलेला रेग्युलेटर दिला आणि भरलेल्या सिलिंडरसाठी मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे आग विझवायचे लाल सिलिंडर भरून देणारं वर्कशॉप होतं. गॅस भरणारा माणूस कानांवरचं जाडजूड आवरण मानेवर ओढून बाहेर आला.

वहिनीने त्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं. बंद कसा करायचा? कुठल्या बाजूला फिरवायचा? रोज बंद करावा लागतो का? आडवा पडला तर? संपल्यावर इथपर्यंत आणायला माणूस मिळेल का?

“आणि एकटं माणूस हे सगळं करू शकतं ना?” तिने शेवटी विचारलं.

“न करायला काय झालं? माझी आई करते,” तो म्हणाला आणि फॉर्म पुढे सरकवला. “सिलिंडर कुणाच्या नावावर?”

“हिच्या,” वहिनी म्हणाली.

बेबीने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पत्त्याच्या रकान्यात दादाच्या घराचा पत्ता ती पहिल्यांदाच लिहीत होती. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

“घरातला आणखी एक नंबर द्या. तुम्ही नाही उचललात तर.”

वहिनीने दादाचा नंबर सांगितला.

“तुझाच दे ना,” बेबी म्हणाली. “दादा कामावर असला की उचलत नाही.”

“माझा नको.” वहिनी पर्सची चेन लावत होती. ती अडकली होती. “मी इथे नसेन.”

माणसाने आवरण पुन्हा कानांवर चढवलं आणि तो आत गेला. आत गॅस जोरात फुसफुसला आणि थांबला.

सिलिंडर दोघींनी जाड पिशवीत घालून एकेक बंद धरून आणला. पंधरा पावलं चालायचं आणि खाली ठेवायचं. तिसऱ्यांदा ठेवला तो एका बंद दुकानाच्या पायरीवर. वहिनी बाजूला बसली.

“पडद्यांच्या त्या मोठ्या दुकानातल्या बाई आहेत ना, त्यांनी दुसऱ्या गावात दुकान काढलंय,” ती म्हणाली. “कापड बेतायला कुणीतरी हवंय. वरती एक खोली आहे. एक तारखेपासून ये म्हणाल्यात.”

“दादाला माहितीये?”

“सांगणारे. म्हटलं, आधी सिलिंडर बसू दे.”

बेबीला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. “भांडण झालंय का तुमचं?”

“तुझं तरी कुठे झालं होतं?”

समोरून एक सायकलवाला गेला. दोघींनी तो वळेपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

“कायमची जातेयस?”

“मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का?”

“म्हणजे हा सिलिंडर माझ्यासाठी नाहीच,” बेबी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढला. “मी दोन वर्षं हलू नये म्हणून आहे. दादाला सोबत म्हणून.”

वहिनीने पिशवीचा पिळलेला बंद सरळ केला.

“तुझ्यासाठीही आहे. तू चोरासारखी राहतेस घरात, ते मला बघवत नाही. त्यालाही सोबत होईल. आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझ्यासाठी आहे. घरात कुणीतरी आहे म्हटलं की पाय निघतो.”

“आठ महिने मला वाटत होतं, तुला मी नकोय.”

“अगं वेडे.” वहिनी थांबली. “तू आलीस त्या दिवशी दार मी उघडलं. मला वाटलं, आता ही गळ्यात पडून रडणार. दोन बादल्यांत मासे घेऊन तू दारात उभी, आणि मला विचारलंस काय, तर प्लग कुठे आहे. मी तुला प्लग दाखवला. आणि मग दिवसभर शिवताना माझ्या डोक्यात तेच. असंही जाता येतं तर. आभाळ काही कोसळत नाही.”

बेबीला म्हणायचं होतं की कोसळलं होतं. फक्त हवेचा पंप लगेच लावला नसता तर मासे गुदमरले असते, म्हणून आधी प्लग विचारला. पण ते आता सांगून वहिनीला थांबवायचं, की न सांगता जाऊ द्यायचं, हे तिला ठरवता येईना. ती उठली आणि तिने आपल्या बाजूचा बंद धरला.

“चल. ऊन लागतंय.”

सिलिंडर बघून दादा एकदम खुलला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तो स्टँडखाली उभा केला, हाताच्या हलक्या धक्क्यांनी सरळ केला, रेग्युलेटर बसवला, पाना लावून आवळला. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून फेस फुगतो का ते डोळे बारीक करून बघितलं. कुठेही फुगला नाही.

“हा काटा बघ, बेबी,” तो मीटरवर बोट ठेवून म्हणाला. “याच्यावर जाऊ नकोस. आतला गॅस संपत चालला तरी हा जागचा हलत नाही. वाटतं, भरलेलाच आहे. अगदी शेवटी एकदम खाली येतो. खरं काय ते कळायचं तर वजन करायचं. मी वजनकाटा आणून ठेवतो घरी, दर महिन्याला करत जाऊ.”

बेबीने मान डोलावली. वहिनी खिडकीपाशी उभी होती, पडद्याच्या काठाची शिवण बोटाने चाचपत.

दादाने नॉब जरासा फिरवला. काही क्षण काहीच झालं नाही. मग नळीच्या टोकाशी एक बुडबुडा आला, दुसरा आला, आणि मग ते एकामागोमाग एक, सारख्या अंतराने येऊ लागले. मासे आधी लांब पळाले आणि मग बघायला परत आले.

“वा!” दादा गुडघ्यांवर हात टेकून उठला. “मोठा घ्यायची अक्कल कुणाची?”

“माझी,” वहिनी म्हणाली.

“मग बरोबरच आहे. चला, आता दोन वर्षं बघायला नको.”

वहिनीने पडदा सोडला.

“अहो, हात धुऊन या. बोलायचंय.”

दादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग बेबीकडे, मग परत तिच्याकडे. त्याच्या बोटांवर साबणाचा फेस होता.

“काय झालं? गळतंय का कुठे?”

“नाही. या तुम्ही आधी.”

तो गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. हात धुवायला लागतो त्याहून जास्त वेळ नळ चालू राहिला. वहिनीने स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढून समोरासमोर ठेवल्या आणि एकीवर बसली.

“मी खाली जाऊन येते,” बेबी म्हणाली.

“थांब ना.” आणि मग लगेच, “नाहीतर जा. तुला वाटेल तसं.”

नळ बंद झाला. बेबीने ओट्याखालचं स्टूल बाहेर काढलं. ते वहिनीच्या बाजूला ठेवावं की रिकाम्या खुर्चीच्या बाजूला, हे तिला कळेना. पॅसेजमधून दादाची पावलं आली, आणि ती स्टूल दोन्ही हातांत धरून तशीच मध्ये उभी राहिली.