तारांकित प्रश्नाचं उत्तर

चौथीचा भाषेचा तास चालू होता आणि श्रुतिका आज आपणहून उभी राहिली होती. "बाई, मी वाचू?" असं तिने विचारलं तेव्हा वर्गशिक्षिका दर्शना वानखडेला आधी खरंच वाटेना. वर्षभर ही पोरगी जोडाक्षर आलं की मान खाली घालून गप्प बसायची. आता ती बोट ठेवून एकेक शब्द सोडवत होती. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली असेल नसेल, तोच मुख्याध्यापक परब सर दारात येऊन उभे राहिले.

"बाई, जरा ऑफिसात येवा," ते म्हणाले. "अर्जंट आसा."

जोगेश्वरी पूर्वेची ही मराठी शाळा. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी कधीकाळी वर्गण्या काढून उभी केलेली. पट घसरत गेला तशी शिक्षकांची पदंही गेली. गेल्या जूनमध्ये तिसरीत मोजून दोन मुलं कमी भरली म्हणून तिसरीच्या बाईंचं पद गेलं, आणि तेव्हापासून दर्शना एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळत होती. चौथी पुढच्या फळ्याकडे तोंड करून बसायची, तिसरी मागच्या. चौथीला वाचायला लावायचं आणि तिसरीकडे वळून पाढे घ्यायचे, असं दिवसभर चालायचं.

ऑफिसात सरांनी मोबाइल पुढे केला. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. त्यांच्याच भागातल्या आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला होता, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं. प्रश्न असा होता: परिसरातील शाळांमधील चौथीच्या विद्यार्थ्यांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? मंत्रालयातून तो खाली खाली उतरत शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, सोबत सात रकान्यांचा तक्ता घेऊन. माहिती आज दुपारी तीनपर्यंत हवी होती.

"म्हणजे मुलांना वाचता का येत नाही ते सांगायला मी वाचन बंद करून यायचं?" दर्शना म्हणाली.

परब सरांनी स्क्रीनवरचा तक्ता खाली सरकवला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत वरून आलेल्या कागदाला त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि निवृत्तीला आता अडीच महिने उरले होते. कारणांची यादी तयारच आहे, त्यातलं एक निवडायचं, एवढंच त्यांनी समजावलं. विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती, पालकांची उदासीनता, शिक्षकांचे अपुरे प्रशिक्षण आणि शेवटी इतर. बाकीच्या शाळांनी पालकांची उदासीनता लावून टाकली होती.

तिथेच दर्शनाचं डोकं फिरलं. श्रुतिकाची आई जानकी अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात दिवसभर उभी राहून औषधांची खोकी भरायची. दर पंधरा दिवसांनी ती जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून शाळेत यायची, का तर पोरीकडून घरी काय वाचून घ्यायचं ते विचारायला. स्वतःला फारसं वाचता येत नव्हतं म्हणून बाईंनी सांगितलेली पानं ती दुमडून ठेवायची. या बाईला उदासीन म्हणायचं?

दर्शना वर्गात गेली आणि टाचणवही घेऊन आली. रोज काय शिकवलं ते या वहीत लिहावं लागतं, आणि ज्या दिवशी शिकवलं नाही त्या दिवशी का नाही तेही ती लिहायची. सरांच्या टेबलावरच बसून तिने दिवस मोजले आणि इतर कारणांच्या रकान्यात लिहिलं:

"जूनपासून कामाचे दिवस एकशे बासष्ट. पूर्ण दिवस शिकवले चौऱ्याण्णव. उरलेले अडुसष्ट दिवस मतदार याद्या, निरक्षरांचे सर्वेक्षण, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत गेले. दोन इयत्तांना मिळून शिक्षक एक. हे शाळेने ठरवलेले नाही. ज्यांनी ठरवले त्यांनाच कारण विचारावे."

सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"ह्या वर गेला तर?"

"जाऊ दे की, सर. विचारलंय त्यांनी."

पावणेतीन झाले होते. सरांनी कसनुसं तोंड करून बटण दाबलं. दर्शना वर्गात परतली तेव्हा तिसरीची मुलं बाकांवर चढली होती आणि श्रुतिका पुस्तक मिटून बसली होती. पुन्हा वाच म्हटल्यावर तिने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

दहा दिवसांनी मंत्र्यांचं छापील उत्तर ग्रुपवर फिरत आलं. हे अंशतः खरे आहे. कारणे: पालकांची उदासीनता व विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती. दर्शनाचा रकाना वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती वही घेऊन सरळ आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेली. पाण्याची लाइन, रेशनकार्ड, दाखले अशा कामांसाठी आलेल्या माणसांमागे तासभर बसली. आमदार माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा सांगितला, प्रश्न तळमळीनेच टाकला होता म्हणाले, वही चाळूनही पाहिली. अडुसष्ट दिवस ऐकून त्यांना खरंच धक्का बसला.

"साहेब, पट दोनने कमी झाला की वर्गाचा शिक्षक जातो, हा नियम केला तेव्हा तुम्ही काय बोललात?" दर्शनाने विचारलं.

"तो आमच्यापुढे येत नाही, मॅडम. शासन निर्णय निघतो."

"मग ठरवतं कोण?"

आमदारांनी शेजारी उभ्या असलेल्या सुयोगकडे, त्यांच्या स्वीय सहायकाकडे पाहिलं. सुयोगने खांदे उडवले. विभाग ठरवतो, तो म्हणाला.

"विभाग म्हणतो, वरून आलंय. तुम्ही म्हणता, विभाग ठरवतो," दर्शना म्हणाली. "मंत्री तुमच्यातलेच ना? निवडणुकीत मराठी शाळा वाचवू म्हणून तुम्हीच आमच्या गल्लीत फिरलात. आणि मुलांना वाचता येत नाही तर सभागृहात जाब मला विचारता. एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा, साहेब. दोन्ही फळ्यांच्या मध्ये."

येतो ना, नक्की येतो, असं आमदार म्हणाले. सुयोगने डायरीत लिहून घेतलं. निरोप देताना आमदारांनी आश्वासन दिलं, की हा विषय आपण सोडणार नाही.

आणि तो त्यांनी सोडलाही नाही. वर्गात ते आले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात भर गणिताच्या तासाला परब सर पुन्हा दारात, आमदारांचा नवा तारांकित प्रश्न घेऊन. शिक्षकांना अशैक्षणिक कामे दिली जातात, हे खरे आहे काय? तक्ता बारा रकान्यांचा. आज तीनपर्यंत.

दर्शनाला हसावं की रडावं कळेना. ती दारापर्यंतही गेली नाही. "सर, मी वर्गावर आहे. शाळा सुटली की भरते," एवढं म्हणून ती फळ्याकडे वळली.

माहिती साडेपाचला गेली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या नावाने कारणे दाखवा नोटीस आली: विधिमंडळाच्या कामकाजाची माहिती विलंबाने का सादर केली?

दर्शनाला अपराधी वाटलं. आपल्या हट्टापायी सरांच्या निवृत्तीवर डाग नको, उत्तर मीच लिहून देते, चूक माझी म्हणून टाकते, असं ती सांगायला गेली. सर खिडकीशी बसून काहीतरी लिहीत होते. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: "सदर वेळी शिक्षिका वर्गात शिकवत होत्या." खाली तारीख, शिक्का आणि दत्ताराम परब अशी ठसठशीत सही.

"शुद्धलेखन बघा हां," ते म्हणाले. "पयलांदाच लिवतंय असला काय."

तिने बघितलं. चूक नव्हती.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. उत्तर पोचल्याचीही पोच आली नाही. नव्या वर्षाच्या मंजुरीत तिसरी-चौथीला मिळून पुन्हा एकच पद आलं. तोवर परब सर निवृत्त झाले होते. घरी बसून करू काय, तिसरीला फुकट शिकवतो, असं त्यांनी कळवलं, तेव्हा त्यालाही पूर्वपरवानगी लागते आणि अर्ज ऑनलाइन करायचा असतो असं समजलं. त्यांनी अर्ज केला. तो प्रलंबित आहे.

सर मात्र जूनच्या तिसऱ्या सोमवारपासून यायला लागले. मागच्या फळ्यापाशी खुर्ची ओढून बसतात आणि तिसरीकडून पाढे म्हणून घेतात.