गुंड्याची लगोरी

मित्रांनो, मी एक जुनी लगोरी आहे. थांबा, सात चपटे दगड रचून चेंडू मारायचा खेळ तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल तर तो बाजूला ठेवा. मी जाड रबराची, आतून पोकळ, एकावर एक तीन गोल बसवल्यासारखी दिसते. दुकानात माझं नाव काहीतरी भलतंच होतं. बेळगावजवळच्या काकती गावच्या यशोदाबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्या म्हणाल्या, "ही तर लगोरी दिसतीया गं!" झालं, तेच नाव मला चिकटलं आणि मलाही ते आवडलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात रबर घालून असं काही दाबलं की बास! माझ्याबरोबर काळ्या, टणक बहिणी निघाल्या, त्या मोठ्या कुत्र्यांसाठी. मी मऊ निघाले, दुधाच्या दातांच्या पिल्लांसाठी. त्यावरून त्या मला किती चिडवायच्या म्हणून सांगू! पण प्रत्येकीला एकच काम नेमून दिलेलं होतं. कुत्र्याला पोटभर चावू द्यायचं, पण आपला एक तुकडासुद्धा त्याच्या पोटात जाऊ द्यायचा नाही.

पुढे बेळगावच्या खासबागेतल्या एका दुकानात मी खिळ्याला लटकून धूळ खात राहिले. एके दिवशी आरोही आली. ही यशोदाबाईंची नात, बेळगावात एका कार्यालयात नोकरीला. तिच्या काखेत तांबूस रंगाचं, गोल पोटाचं पिल्लू होतं. तोच आमचा गुंड्या. त्याचे दुधाचे दात हलायला लागले होते, हिरड्या शिवशिवत होत्या आणि त्यापायी त्याने घरात नुसता उच्छाद मांडला होता. चपला झाल्या, उशी झाली, मोबाईलच्या चार्जरची वायरही झाली.

दुकानदाराने माझी काळी बहीण पुढे केली. "ही घ्या. लई टिकतीया, मॅडम."

"ती टिकंल हो," आरोही म्हणाली, "पण ह्याचं दात टिकाय नकोत व्हय?"

मग तिने माझ्या अंगात अंगठ्याचं नख रुतवलं. नख आत गेलं, वण उठला आणि लगेच भरून आला. तिने मला गुंड्याच्या तोंडापाशी धरून पाहिलं. मी अख्खी त्याच्या तोंडात मावत नव्हते. माझी दोन्ही टोकांची भोकंही तिने बघितली. जीभ आत अडकली तर हवा जायला दुसरं भोक हवं ना! मुलीकडच्यांनी स्थळ बघावं तशी तिने माझी चौकशी केली. त्या वेळी मला रागच आला होता.

राग का गेला ते सांगते. घरी पोचल्यावर सगळं कळलं. मागच्या वर्षी त्यांचा भुऱ्या नावाचा कुत्रा दाणे काढलेलं मक्याचं कणीस गिळून बसला होता. ते आतड्यात अडकलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, खूप झटले, पण भुऱ्या काही वाचला नाही. ते घर अजून त्या दुःखातून पुरतं उठलेलं नव्हतं.

तरीही गुंड्याला चावायला काय द्यायचं यावर रोज वाद! आरोहीचे वडील परशराम जेवता जेवता म्हणायचे, "मटणाचं हाड दे की. कुत्र्याला हाड न्हाय, तर काय पुरणपोळी द्यायची?"

"आप्पा, शिजल्यालं हाड फुटून सुईगत टोचतंय. घशात रुतलं म्हंजे?"

यशोदाबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना गुंड्या कुत्रा वाटतच नव्हता. घरातल्या पोरांना दात येताना त्यांनी खारीक चोखायला दिली होती, तशीच गुंड्यालाही आणून दिली. आरोहीने झडप घालून ती काढून घेतली. आत बी होती ना!

"माझ्या हातचं सात पोरांनी खाल्लंय," आजी फुरंगटून म्हणाल्या.

"त्यांस्नी बी थुकाय येत हुतं, आज्जी! ह्याला येतंय व्हय?"

आता माझी फजिती ऐका. एवढी पारखून आणलेली मी, आणि गुंड्याने मला हुंगलं, एक शिंक दिली आणि तो परशरामांच्या चपलेकडे चालता झाला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कित्येक दिवस मी कोनाड्यात पडून होते. अखेर यशोदाबाईंनाच माझी दया आली. "वासाचं रबर कोन खाईल?" असं पुटपुटत त्यांनी मला घासून धुतलं, माझ्या पोटात बिनमिठाचा दहीभात भरला आणि मला फ्रीजमध्ये ठेवून दिलं. थोड्या वेळाने त्यांनी मला गुंड्यापुढे टाकलं. अहाहा! तो गारवा त्याच्या ठणकणाऱ्या हिरड्यांना लागला आणि गडी माझ्यावर जो पडला, तो उठायलाच तयार होईना. दोन्ही पंजांत मला धरून, डोळे मिटून तो चघळत बसला. परशराम आपली चप्पल उचलून आत ठेवत म्हणाले, "सुटली बिचारी."

ते माझे सुखाचे दिवस होते. गुंड्या झोपताना मला गळ्याखाली घ्यायचा. एकदा त्याचा दुधाचा दात माझ्यातच रुतून राहिला. यशोदाबाईंनी तो उपटून, पोरांचा टाकतात तसा कौलांवर भिरकावला. आरोही हसून हसून बेजार झाली. आणि हो, मला चघळताना कुणी ना कुणी त्याच्याजवळ असायचंच, ही शिस्त त्या घराने कधी मोडली नाही.

हळूहळू गुंड्याचे पक्के दात आले. ते दात म्हणजे काय थट्टा आहे? माझं अंग खरबरीत झालं, कड झिजली, मानेपाशी चीर गेली. आरोहीने त्याला मोठ्या कुत्र्याची नवी लगोरी आणली आणि मला टाकायला काढलं. पण यशोदाबाईंचा जीव होईना. त्यांनी मला गुपचूप फडताळात ठेवलं.

कालच त्यांची धाकटी बहीण गुणाबाई निपाणीहून आली. तिच्या घरी नवं पिल्लू आलंय म्हणे, तेही दात शिवशिवणारं. यशोदाबाईंचा चेहरा खुलला. आपल्याकडे नव्या बाळाला पहिलं अंगडं जुनं घालतात, दुसऱ्या धडधाकट लेकराचं. त्याच्यासारखं हेही वाढो म्हणून. त्यांनी मला बाहेर काढलं. "गुणा, ही ने. आमच्या गुंड्याची हाय. तुझं बी पिल्लू असंच गुटगुटीत हुतंय बघ."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंदाचं भरतं आलं. पुन्हा दहीभात, पुन्हा इवले दात! आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या मानेची चीर मला आठवली. निपाणीच्या त्या पिल्लाच्या एका झटक्यात माझा तुकडा निघाला असता. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे?

यशोदाबाई मला नळाखाली धुवायला लागल्या. त्यांचं बोट चिरीत गेलं. त्या थबकल्या.

"एवढ्याशानं काय हुतंय, आक्का? दे इकडं," गुणाबाई म्हणाली.

यशोदाबाईंनी मला वाकवलं, चिमटीत धरून ओढलं. चिंचोक्याएवढा तुकडा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बघितला. मग त्यांचे डोळे भरून आले. "भुऱ्याच्या पोटातनं ते कणीस काढलं तवा मी हुतो तिथं," त्या म्हणाल्या. "न्हाय गुणा. अंगड्याचं येगळं. अंगडं कोन गिळत न्हाय. तू नवीच घे बाई, आरोही दावंल तुला कसली घ्यायची ती."

त्या उठल्या, कोयता घेऊन आल्या. मला पाटावर ठेवलं, एकवार कुरवाळलं आणि घाव घातला. कुणी मला खेळणं समजून पुन्हा कुत्र्यापुढे टाकू नये म्हणून.

म्हणून आता मी दोन तुकड्यांत, ओसरीवरच्या कचऱ्याच्या झाकणबंद बादलीत आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. मी उलटं सांगते. तुमच्या घरच्या पिल्लाचं खेळणं अधूनमधून हातात घ्या, वाकवून बघा, चाचपून बघा. चीर दिसली की हळहळत बसू नका, टाकून द्या. त्या खेळण्याला वाईट वाटणार नाही.

बरं, थोडंसं वाटेल. मलाही वाटलं. पण आत्ता बादलीला टेकून गुंड्या उताणा झोपलाय. त्याचं गोल पोट संथपणे वरखाली होतंय. त्या पोटात माझा एक तुकडाही नाही.