परतीच्या बोलीवर

शूटसाठी आणलेले वडील दुकान बंद व्हायच्या आत परत द्यायचे होते, टॅगसकट.

तसं त्यात विशेष काही नव्हतं. शाल्मली गव्हाणे बरीच वर्षं फ्रीलान्स स्टायलिस्ट होती आणि या धंद्यातली पहिली अक्कल हीच, की काहीही विकत घ्यायचं नाही. शेरवानी असो, पैठणी असो, कोल्हापुरी चप्पल असो, सगळं परतीच्या बोलीवर मागून आणायचं. टॅग आत दुमडून लपवायचा, चपलेच्या तळव्याला मास्किंग टेप चिकटवायची, फोटो झाला की टेप सोलून, वाफ देऊन, होतं तसं नेऊन द्यायचं. माल कपाटातून हललाच नाही असं दुकानदाराला वाटलं पाहिजे. आजवर तिच्या हातून कुणाचं एक बटण गेलं नव्हतं. वडील मात्र ती पहिल्यांदाच नेत होती.

‘आप्तेष्ट’ हे दुकान रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. काचेच्या कपाटांतून आत्या, मामा, आजोबा साइझप्रमाणे उभे होते. भिंतीवर पाटी होती: ‘हाताळून बघावे. बोलते करू नये.’ गल्ल्यावर परचुरे बसले होते. गळ्यात मोजपट्टी, कपाळावर चष्मा, आणि तुम्ही आलात याचं मनापासून दुःख.

“प्रॉडक्शन हाऊसचं पत्र?” त्यांनी विचारलं.

“मी फ्रीलान्स आहे.”

“म्हणजे तुमच्या मागे कोणी नाही.”

“आई आहे.”

“मग आई ठेवा,” परचुरे म्हणाले. “डिपॉझिट.”

शाल्मलीने घरी फोन केला. आई हातातली साडी तशीच बाजूला ठेवून आली. फॉल-बिडिंग करून तिने एकटीने मुलीला वाढवलं होतं. गव्हाण्यांच्या घरात वडील ही वस्तू पहिल्यापासूनच नव्हती. तिने येताना मेथीची जुडी आणली होती.

“बसायचंच आहे ना नुसतं? मग तेवढीच भाजी निवडून होईल,” ती म्हणाली आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसली. “डबा घेतलास?”

“घेतला,” शाल्मली म्हणाली. डबा घरी ओट्यावर होता.

परचुऱ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आईकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “चांगल्याच वापरातल्या आहेत,” ते म्हणाले. “पण निघेल. आमच्याकडे सगळं निघतं.”

मग त्यांनी कपाटातून वडील काढले. वय पंचावन्नच्या आसपास, साइझ मीडियम, चेहरा कोरा. मानेमागे नायलॉनच्या दोऱ्यात टॅग. परचुऱ्यांनी त्यांना लांब कपड्यांच्या कव्हरमध्ये उभं करून गळ्यापर्यंत चेन लावली.

“नियम ऐका. बोलले तर बोलू द्या. काही विचारलं तरी चालेल, विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलंत की वापर झाला. वापरलेले वडील आम्ही परत घेत नाही.”

“मग?”

“मग ते तुमचे. आणि डिपॉझिट आमचं.”

आईने मेथीतून मान वर केली. “वेळेवर ये गं,” ती म्हणाली.

शूट बाणेरला एका बंगल्यात होतं. जाहिरात तयार चकल्यांची. दिवाळीची सकाळ, मुलगी चकली खाते, वडील तिच्याकडे बघतात, संपलं. शाल्मलीने वडिलांच्या तळपायांना टेप लावली, टॅग कुर्त्याच्या गळ्यात दुमडला, कुर्ता मागून सैल पडत होता तो टाचण्या टोचून अंगासरसा घेतला. समोरून ते अगदी कोणाचेही वडील दिसत होते. मागून ते साळिंदर दिसत होते, पण कॅमेऱ्याला मागची बाजू कधीच दिसत नाही.

दिग्दर्शकाचं नाव अन्वय. त्याने मॉनिटरमध्ये बघून नाक मुरडलं.

“शाल्मली, फादर फार नवे वाटताहेत गं. काल पॅकिंगमधून काढल्यासारखे.”

“आज काढलेत.”

“मला वापरलेले पाहिजेत. घरात वीस वर्षं आहेत असे.”

“वापरता येणार नाहीत. परत करायचेत.”

“मग तसं दाखव तरी.”

एवढं तिला येत होतं. तिने कोपरांजवळ कुर्ता चुरगाळला. पेटीतला जुना चष्मा काढून त्यांच्या नाकाच्या टोकावर ठेवला. कानामागे थोडी पावडर राहू दिली, घाईत अंघोळ करणाऱ्या माणसासारखी. अन्वय पुन्हा मॉनिटरमध्ये वाकला.

“कपडे झाले. डोळे अजून दुकानातच आहेत.” त्याने वडिलांना हाक मारली. “काका, ही तुमची मुलगी आहे असं समजा.”

“समजू नका,” शाल्मली मागून म्हणाली.

मुलीचं काम करणारी मॉडेल चकल्या खाऊन खाऊन कंटाळली. वडील समोर बघत होते, नम्रपणे, बँकेच्या रांगेतल्या माणसासारखे. दुपार सरत चालली. स्पॉटदादांनी जेवण लागल्याचं सांगितलं, सगळे उठले, जेवून आले. शाल्मली उठली नाही. तिला वडिलांना एकटं सोडायचं नव्हतं. मधेच त्यांना घाम येईल, कोणी त्यांना चहा देईल, कोणी सहज विचारेल की काका, मूळचे कुठले, आणि संपलं. ती ओठांत टाचण्या धरून त्यांच्या पाठीशी बसून राहिली.

पुन्हा शॉट सुरू झाला. खांद्यावरची चूण नीट करायला ती फ्रेमच्या कडेशी वाकली होती. वडिलांनी मॉडेलकडे बघायचं सोडून मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूच बदलला. घडी मोडल्यासारखा.

“पोरी,” ते म्हणाले, “जेवलीस का?”

“कट!” अन्वय म्हणाला. “हेच. हेच पाहिजे होतं मला. पॅक अप.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल्मली तशीच वाकलेली होती. तोंडात टाचण्या होत्या म्हणून तिच्याकडून उत्तर गेलं नव्हतं. तिने मनात नियम पुन्हा तपासला. विचारलं तरी चालेल. अंगाला लावून बघितलेला शर्ट काही वापरलेला होत नाही. तिने उरलेल्या टाचण्याही त्यांच्या पाठीत टोचून टाकल्या, कुर्ता हलायला नको म्हणून, आणि कव्हरची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“सांगितलं नाहीस,” वडील म्हणाले.

“गप्प बसा काका. तुम्ही नवे आहात.”

परतीच्या रस्त्यावर खोदकाम होतं. स्कूटर इंचाइंचाने सरकत होती. मागे वडील कव्हरमध्ये ताठ बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला प्लॅस्टिक कुरकुरत होतं. शेजारचा रिक्षावाला बराच वेळ बघत राहिला.

“ताई, काकांना थंडी वाजते का?”

“नाही. परत करायचेत.”

“हां हां,” रिक्षावाला म्हणाला आणि पुढे सरकला.

शाल्मलीच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. दुकान बंद व्हायला थोडाच वेळ होता. आई आता मेथी संपवून बोटं वर्तमानपत्राला पुसत असेल. एवढ्यात कव्हरची चेन सरकल्याचा आवाज आला आणि तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात चकली होती. सेटवरची. शॉटच्या वेळी त्यांनी ती खिशात टाकली असणार.

तिने चकलीकडे पाहिलं. हात हलत नव्हता.

आत्ता त्यांनी काही विचारलेलं नाही, शाल्मलीने हिशोब केला. प्रश्नच नाही तर उत्तर कसलं? समोर चकली आहे आणि भूक आहे, एवढंच. यात वडिलांचा काही संबंध नाही. तिने मान थोडी पुढे केली आणि त्या हातातूनच चकली खाल्ली. दोन्ही हात हँडलवर होते, दुसरा इलाज नव्हता.

“हं,” मागून आवाज आला. फार छोटा.

ती माडीवर पोचली तेव्हा परचुरे निम्मं शटर ओढून उभे होते. त्यांनी वडिलांना उजेडाखाली घेतलं. टॅग पाहिला, शाबूत. तळपाय पाहिले, टेप सरळ निघाली. नखं पाहिली. कानामागची पावडर बोटाने पुसली. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून वडिलांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

“हे समाधानी दिसतात,” ते म्हणाले.

“नाही. तसाच चेहरा आहे त्यांचा.”

“सकाळी कोरा होता.” परचुऱ्यांनी वडिलांचा उजवा हात उलटा केला. बोटांना तेल लागलं होतं. त्यांनी ते हुंगलं. “यांच्या हातून कोणीतरी खाल्लंय.”

“शूटच चकलीचं होतं.”

“मॅडम, कसलंही असेल. भरवलेला हात आम्हाला कळतो. निम्मा धंदा त्याच्यावर चालतो आमचा.” त्यांनी खणातून कात्री काढली आणि वडिलांच्या मानेमागचा दोरा कापला. टक्. टॅग त्यांनी टोपलीत टाकला. “अभिनंदन. हे तुमचे.”

वडिलांनी मान चोळली. “बरं वाटलं,” ते म्हणाले. “टोचत होतं सकाळपासून.”

शाल्मलीने गल्ल्यामागे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. वर्तमानपत्रावर एका बाजूला निवडलेली मेथी होती, दुसऱ्या बाजूला न निवडलेली.

“आई कुठाय?”

परचुऱ्यांनी दाखवलं. कपाटात दोन मावश्यांच्या मधे आई उभी होती. निऱ्यांतून अजून वाफ निघत होती. कपाळावरची आठी गेली होती. बोटांवरचे सुईचे घट्टे सुद्धा निघाले होते, हात एखाद्या नवऱ्या मुलीसारखे मऊ दिसत होते. मानेमागे, अंबाड्याखाली, टॅग.

“आई,” शाल्मली म्हणाली.

“हो, आईच,” आई अदबीने म्हणाली. “मीडियम.”

“तुम्ही अजून दुकान बंद केलं नव्हतं. मी वेळेत आले.”

“वेळेत आलात. पण वापरलेला माल घेऊन आलात,” परचुरे म्हणाले. “मी निघेल म्हटलं होतं, निघालं. तीस वर्षांचं होतं, तरी एका वाफेत निघालं. तुम्हाला त्या हव्या असतील तर न्या की. उद्या संध्याकाळपर्यंत, परतीच्या बोलीवर. तुमच्या मागे आता कोण आहे?”

शाल्मलीच्या शेजारून एक हात वर झाला, वर्गात करतात तसा.

“मी आहे की,” वडील म्हणाले.

ते जाऊन स्टुलावर बसले, वर्तमानपत्र मांडीवर घेतलं आणि उरलेली मेथी निवडायला लागले. देठांसकट निवडत होते. आईने कपाटातून ते पाहिलं आणि तिला काहीच वाटलं नाही.

परचुऱ्यांनी आईला बाहेर घेतलं, तिच्या तळपायांना टेप लावली. “नियम तेच. न वापरता आणलंत तर वडील घेऊन जा. वापरलंत तर आई तुमची, वडील आमचे. यांनाही वाफ देऊ.”

“आणि दोघं पाहिजे असतील तर?”

“दोघं असलेली माणसं आमचा जिना चढत नाहीत,” परचुरे म्हणाले आणि शटरच्या दांड्याला हात घातला. खाली वाकून बाहेर पडताना शाल्मलीने मागे पाहिलं. वडिलांनी मेथीची एक काडी तिला हलवून दाखवली.

एरवी आई स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसायची, वर्षानुवर्षं. आज ती मधोमध बसली, हात मांडीवर, फोटोत बसतात तशी.

“लांब आहे का मॅडम, शूट?”

शाल्मलीने उत्तर दिलं नाही. तिने स्कूटर चालू केली. घरी जायचं, आईला खुर्चीवर बसवायचं, कुठेही हात लावू द्यायचा नाही, पाणी देऊ द्यायचं नाही, आणि रात्रभरात काहीतरी सुचायची वाट बघायची, एवढंच तिने ठरवलं होतं. ओट्यावर सकाळचा डबा तसाच असेल. घरी पोचताच तो आधी लपवायला हवा, आईने बघायच्या आत.

चौकात सिग्नल लाल झाला. तिने इंजिन बंद केलं. आजूबाजूच्यांनीही केलं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत शाल्मलीचं पोट गुरगुरलं. मोठ्याने, लांबलचक, शेजारच्या गाडीवरच्या माणसाने वळून बघावं इतकं.

मागे टॅगचा दोरा ब्लाउजच्या गळ्याशी घासल्याचा आवाज आला. आरशात आईची मान तिरकी झाली होती. कपाळावर, बरोबर जुन्या जागी, एक बारीक आठी उमटत होती.

शाल्मलीने घाईने मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीकडे हात नेला, ओठांत धरायला. गादीवर एकही टाचणी नव्हती. सगळ्या वडिलांच्या पाठीत होत्या.

सिग्नल लालच होता. आई पुढे वाकली, तिच्या कानाशी आली, आणि तिने तोंड उघडलं.