दिव्याची तार

“तार गेली का, बा ब्वेंब्या?” मागून प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर सिकाझ्वेंनी विचारलं.

“गेली,” ब्वेंब्या म्हणाले.

भट्टीच्या भोकाला दुर्बीण लावायची. दुर्बिणीत एका दिव्याची केसाएवढी तार. बटण फिरवून ती उजळत न्यायची. आतल्या तापलेल्या दगडाच्या झळाळीत ती दिसेनाशी झाली, की काटा दाखवेल ते दगडाचं तापमान. खाण कंपनीच्या कित्वेतल्या या प्रयोगशाळेत हे काम केस काळे होते तेव्हापासून ब्वेंब्यांच्या उजव्या डोळ्याकडे होतं. आता त्या डोळ्यात मोतीबिंदू होता, डावा आधीपासूनच अधू, आणि तार वेळेआधीच धुक्यात बुडायची. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीमागोमाग कंपनीचं घरही. म्हणून ते नुसतं ‘गेली’ म्हणत. तसं ते खोटंही नव्हतं.

मग मुताले नावाची मुलगी विद्यापीठातून आली, तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि साठ अंश जास्त सांगितले. पण ब्वेंब्यांचा आकडा डॉक्टरांनी हरारेच्या परिषदेत वाचून टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या परत करायची सोय नसल्यामुळे दोष मुलीच्या डोळ्याचा ठरला. तिला इस्पितळात धाडलं. डोळा ठणठणीत निघाला, तेव्हा डॉक्टरांनी इस्पितळाच्या यंत्रांबद्दल शंका व्यक्त केली आणि मुतालेला दगड फोडायच्या छपराखाली पाठवलं.

जायच्या आधी ती ब्वेंब्यांकडे आली.

“बा, खरं सांगा. तार जाताना तुम्हाला दिसते?”

घरी बायको रोज म्हणायची, “चोम्बाचे बाबा, एकदाचं सांगून टाका साहेबांना.” आणि रोज त्याच दमात विचारायची, “पण मग राहायचं कुठं?” त्यातलं दुसरंच त्यांना आठवलं.

“नजर बसावी लागते, पोरी,” ते म्हणाले. “तुझी अजून बसली नाही.”

“मग मीच चुकले.”

मोठ्यांची माफी मागतात तशी ती गुडघ्यावर बसली आणि तिनं हलकेच टाळी वाजवली. टाळी त्यांना ऐकू आली. चेहरा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायच्या आधीच त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. भट्टी थंड, आत मिट्ट काळोख. अशा वेळी आंधळ्यालाही तार दिसावी. बटण शेवटपर्यंत फिरवलं. कसलातरी पिवळट उजेड होता, तार नव्हती.

छपराकडून हातोडीचा आवाज येत होता.

“गेली,” ब्वेंब्या म्हणाले. विचारलं कुणीच नव्हतं.