हौशाच्या पाठीवरचा लाल पट्टा

आमच्या घरी पोरगी बघायला पाहुणे आले, मेंढरं इकत घ्यायला गिऱ्हाईक तर येतच राहतं. पण कुत्र्याला घर पसंत हाय का ते बघायला कुणी येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी नात भक्ती परभणीला शिकते. तिथं काही पोरं-पोरी मिळून गाडीनं उडवलेली कुत्री सांभाळतात, आणि बरी झाली की चांगलं घर बघून देतात. त्यातलं एक तिनं आणलं. मागचा एक पाय न्हाई, नुसतं थोटूक. माझा लेक उमाजी म्हणाला, मेंढरांमागं दिवसभर चालणारं कुत्रं पाहिजे, ह्याचं काय करायचं? मी म्हणलं, गुडघे गेल्यापासून मी बी मेंढरांमागं चालत न्हाई, मग मला कुठं सोडून येतोस?

मेंढरं चरायला गेली की ल्हान कोकरं माझ्याकडं राहतात. हौशा त्यांच्यात जाऊन बसायला लागला. हौशा हे नाव माझं. परभणीवाल्यांनी ठेवलेलं माझ्या तोंडात बसंना. पहिले आठ दिवस मी मांडीवर काठी घेऊन त्याच्यावर नजर ठेवली. नव्या कुत्र्याचा काय भरवसा? पण कोकरं त्याच्या अंगावर चढायची, कान चघळायची, अन्‌ हा डोळे मिटून पडून राहायचा. एखादं काट्याच्या कुंपणाबाहेर गेलं, की तीन पायांवर उड्या मारत जाऊन त्याला नाकानं ढकलत आत आणायचा. या घरात इतकं मन लावून काम कुणी करत न्हाई, असं मी म्हणलं. सून दैवशाला शेजारीच भाकरी थापत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच म्हणलं.

महिन्याभरानं भक्तीचा फोन आला. तिथल्या त्रिवेणी मॅडम येणार, कुत्रं कसं ठेवलंय ते बघणार. पटलं तर कागद करून आपल्या नावावर देणार, न्हाई पटलं तर परत नेणार. माझं डोकंच फिरलं. चार पिढ्या जनावरं सांभाळणाऱ्यांची परीक्षा घेणार ही! पण रात्री भाकरी गोड लागली न्हाई, हे बी खरं.

आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा असतो. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर वळखू यावं म्हणून. मॅडम येणार त्या दिवशी सकाळी उमाजी नव्या कोकरांना रंग लावायला बसला होता. मी त्याच्या हातातली चिंधी घेतली आणि हौशाच्या पाठीवर बी एक पट्टा ओढला. कुणी बघायला येणार, तर त्याच्या अंगावर आमचं काहीतरी असावं.

रंग जरा जास्तच झाला. त्रिवेणी स्कुटीवरून उतरली तवा तो ओघळून पार थोटकापर्यंत आला होता. पोरगी जागीच थबकली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आजी, याला कुणी मारलं?"

माझ्या अंगाची आग झाली. म्हणलं, "मारायलाच आणलाय. घेऊन जा तुझं कुत्रं."

तिनं खरंच पट्टा घातला त्याच्या गळ्यात. मला वाटलं, हौशा पाय रोवून उभा राहील. तो कसला राहतो! तिनंच त्याला बरं केलेलं. शेपटी हलवत निघाला तिच्यासंगं. कोकरं मागं ओरडायलीत, दैवशाला माझ्याकडं बघायलीय, आणि मी तशीच बसलेली. आजवर मी बोललेला शब्द कधी मागं घेतला न्हाई. उमाजीच्या बापापुढं बी न्हाई.

ती स्कुटीपाशी पोचली तवा मी उठले. "थांब बाई," म्हणलं.

एक कोकरू उचलून तिच्यापुढं नेऊन धरलं. त्याच्या पाठीवर तसाच ओला पट्टा. "रगत न्हाई, रंग हाय. आमची निशाणी. हे कुठं बी चुकलं, तरी सेलूपासून पाथरीपर्यंत कुणी बी मेंढक्या वळखतो आणि ह्या कोंडाबाईच्या, माझ्या दारात आणून सोडतो. हा रस्त्यात पडला होता, तवा ह्याच्या अंगावर कुणाचंच काही नव्हतं."

त्रिवेणीनं रंगाला बोट लावलं, वास घेतला. बराच वेळ थोटूक चाचपत बसली. मग हळूच म्हणाली, "मला सांगायचं ना, आजी."

"तू कुठं इचारलंस? तू तर निकालच दिलास."

ती हसली. मला बी हसू आलं, पण मी दाखवलं न्हाई. बाजेवर बसून तिनं कागद केला. मला नावापुरतं लिहिता येतं, तेवढं मी सावकाश लिहिलं. बांधून ठेवायचं न्हाई, वर्षाला सुई द्यायची, असं ती सांगत होती. मी म्हणलं, सुईचं सांग, बांधायचं मला सांगू नको. दैवशालानं चहा दिला तो तिनं दोनदा घेतला.

ती निघाली तसा हौशा स्कुटीमागं पळत सुटला. उमाजी हाक मारायला लागला, मी त्याला अडवलं. स्कुटी फाट्याकडं वळून दिसेनाशी झाली. हौशा रस्त्यातच जरा वेळ उभा राहिला. मग वळला, आणि धापा टाकत येऊन माझ्या गुडघ्याला टेकून बसला. मी म्हणलं, इतक्या उशिरानं आलास, आता भाकरी संध्याकाळीच मिळंल.

दैवशाला म्हणाली, आत्या, तुमच्या हातात काय हाय मग? मी म्हणलं, तू तुझं काम बघ.