अर्ध्या भाकरीचा रोजगार

देशाचा आर्थिक पाहणी अहवाल आला त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले. ग्रामीण बायकांचा रोजगार वाढला म्हणे. मला त्या पेढ्याची शिसारी आली, कारण त्यातली एक बाई मी ओळखत होते.

नोव्हेंबरात मी कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांमागच्या ठाकूरवाडीत सरकारी रोजगार पाहणीचे फॉर्म भरायला गेले होते, कंत्राटावर. घरं डोंगरभर विखुरलेली. पहिल्याच घरातली ठकी म्हणाली, "चल ताय, दावते." ती माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासायची. दिवाळीआधी तिला काढलं, तेव्हापासून घरीच. तासभर ती माझ्यापुढे चालली. शेवटच्या घरापाशी मी डबा उघडला आणि अर्धी भाकरी तिच्या हातात कोंबली. वाट दाखवणाऱ्याला उपाशी ठेवून कोण जेवतं?

मग तिने आपलं सांगितलं. "मला बेकार लिव गं. लय बेकार दिसली तर सरकार वाडीत काम काढंल, सरपंच बोलला." मी तसंच लिहिलं.

संध्याकाळी कर्जतला सुपरवायझर मनोज फॉर्म तपासत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला! वाटेची सगळी हकीकत मीच त्याला हौसेनं सांगितली.

"गेल्या सात दिवसांत तासभर वाट दाखवायचं काम केलं, वर मोबदला घेतला. मग बेकार कशी?"

"अरे, भाकरी दिली मी तिला!"

"मोबदला वस्तूतही चालतो, मॅडम. नियम आहे."

त्यानं टॅबवर बोट टेकवलं आणि ठकी रोजगारात गेली. माझं कंत्राट मार्चपर्यंत होतं, त्याला जपले. थू माझ्यावर.

फेब्रुवारीत त्याच घरांची दुसरी फेरी लागली. मला लांबून बघूनच ठकीनं चपला घातल्या.

"बेकार लिवलंस ना ताय? काम कवा निगंल?"

"वर कळवलंय," मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि पुढे चालू लागली.

शेवटच्या घरापाशी ऊन चढलं होतं. मी बसले, पण डबा काढला नाही. एक तुकडा दिला असता तर ती पुन्हा कामाला लागली असती.

ठकी माझ्या पिशवीकडे बघत होती.

"आज भाकरी नाय आणली?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून तिचा फॉर्म उघडला.